रेल्वे फाटक पडते कोणाच्या सांगण्यावरून, आणि त्यावर नजर कोणाची असते?

वाटसरू (धागाकर्ता)

कामावर जाता-येता मला रोज एक रेल्वे फाटक ओलांडावे लागते, त्यामुळे त्या लाल-पांढऱ्या दांड्याकडे पाहत घालवलेला वेळ मोजायला बसलो तर हिशेब बराच मोठा निघेल. गेल्या आठवड्यात फाटक पडले, चार मिनिटे काहीच आले नाही, मग एक मालगाडी रमतगमत निघून गेली, आणि तिचा शेवटचा डबा गेल्यावर सगळ्यांनी गाड्या सुरू केल्या तरी दांडा जागचा हलला नाही. पुढच्या एका गृहस्थांनी उतरून गेटमनला जाब विचारला, तेव्हा त्याने त्यांच्या देखत लिव्हर ओढून दाखवला. तो तसूभरही सरकला नाही. "माझ्या हातात असतं तर उघडलं नसतं का?" एवढेच तो म्हणाला. दोन मिनिटांनी उलट दिशेने एक्स्प्रेस गेली आणि मग तोच लिव्हर एका हाताने सहज फिरला.

तेव्हापासून प्रश्न पडला आहे की फाटकावर माणूस बसवूनही ते त्याच्या हातात नसेल, तर ते असते तरी कोणाच्या हातात? गाडी दृष्टीच्या टप्प्यातही नसताना ते इतके आधी का पाडतात? काही देशांत फाटकावर माणूसच नसतो आणि दांडाही अर्ध्याच रस्त्यावर येतो असे पाहिले आहे. तो हलगर्जीपणा म्हणायचा की त्यामागे काही विचार आहे? आणि एवढ्या सगळ्या फाटकांवर देखरेख ठेवणारे कोणी असते का? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

जुना लिव्हर

मी सिग्नल विभागात तीस वर्षांहून अधिक काळ फाटकांची देखभाल केली आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, ते गोड मानून घ्यावे.

फाटक ही रस्त्यावरची वस्तू आहे असे रस्त्यावरून पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटते. प्रत्यक्षात तिचे अर्धे अंग रस्त्यावर असते आणि अर्धे रुळावर. दांडा वाहनांना अडवतो हे आपल्याला दिसते. पण दांडा पडला आहे हे येणाऱ्या गाडीला कळते की नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तरावरूनच फाटकांचे प्रकार पडतात.

पहिला प्रकार इंटरलॉक केलेल्या, म्हणजे सिग्नलशी कुलपाने जखडलेल्या, फाटकांचा. अशा फाटकाच्या दोन्ही बाजूंना रुळालगत सिग्नल असतात आणि ते एरवी लाल असतात. गेटमन आधी दोन्ही दांडे पाडतो, दांड्याची टोके खांबावरच्या खाचेत बसून कुलूपबंद होतात, तसे झाल्याची खूण विजेच्या संपर्कातून मिळते, आणि मगच सिग्नल हिरवा करणारी किल्ली किंवा लिव्हर मोकळा होतो. हा क्रम उलटा करता येत नाही. तशी यांत्रिक आणि विद्युत रचनाच केलेली असते. सिग्नल एकदा दिला की फाटक अडकून बसते, आणि गाडी फाटकावरून पूर्ण गेली आहे असे रुळाने स्वतः सांगितल्याखेरीज ते सुटत नाही. वाटसरू यांनी पाहिलेला गेटमन खरेच बोलत होता. मालगाडी फाटकावरून जाण्याआधीच उलट बाजूच्या एक्स्प्रेसचा सिग्नल दिला गेलेला होता, त्यामुळे लिव्हर त्याचा असला तरी त्या क्षणी तो त्याच्या ताब्यात नव्हता. एखाद्याने अगदी आणीबाणीत सिग्नल पुन्हा लाल केला तरी फाटक लगेच उघडत नाही. आत एक वेळमापक चालू होतो आणि बहुतेक ठिकाणी सुमारे दोन मिनिटे उलटल्यावरच कुलूप सुटते, कारण गाडी इतकी जवळ आलेली असू शकते की लाल दिसूनही ती थांबू शकणार नाही.

दुसरा प्रकार इंटरलॉक नसलेल्या, पण माणूस असलेल्या फाटकांचा. भारतात येथे स्टेशन मास्तर आणि गेटमन यांच्यात फोनवर बोलणे होते. मास्तर गाडीची सूचना देतो, गेटमन फाटक पाडतो आणि आपल्या जवळच्या छापील तक्त्यातला पुढचा दोन आकडी अंक सांगतो. याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. हे अंक क्रमाने नसतात, त्यामुळे ते अंदाजाने लिहिता येत नाहीत. बोलणे खरोखर झाले याची ती पावती असते. पद्धत साधी आहे आणि काटेकोर पाळली तर चांगली चालते. मात्र तिची मर्यादा स्पष्ट सांगायला हवी: तो अंक बोलणे झाल्याचा पुरावा आहे, फाटक पडल्याचा नव्हे.

तिसरा प्रकार स्वयंचलित फाटकांचा, जेथे गाडी स्वतःच रुळावरून आपल्या येण्याची वर्दी देते. त्याविषयी पुढच्या प्रतिसादात लिहितो.

लाल-हिरवा

मी इंजिनात बसून दुसऱ्या बाजूने फाटक पाहतो, म्हणून "इतके आधी का पाडतात" याचे उत्तर देण्याचा अधिकार थोडाफार माझ्याकडे आहे असे समजतो.

ताशी ११० किलोमीटर वेगाने धावणारी प्रवासी गाडी एका सेकंदात सुमारे ३० मीटर जाते. पूर्ण ब्रेक लावल्यावर तिला थांबायला साधारण एक किलोमीटर लागतो. भरलेली मालगाडी उतारावर असेल तर त्याहून अधिक. एवढ्या अंतरावरून मला फाटक दिसतच नाही आणि दिसून उपयोगही नाही. मला दिसायला हवा तो सिग्नल, आणि तोही फाटकाजवळचा नव्हे, तर त्याच्या एक किलोमीटर आधीचा, जो पुढच्या सिग्नलची आगाऊ कल्पना देतो. तो मी जवळ पोहोचण्याच्या तीन-चारशे मीटर आधीच अनुकूल झालेला असला पाहिजे, नाहीतर मी ब्रेकला हात घालणार. म्हणजे मी फाटकापासून दीड किलोमीटरवर असतानाच ते बंद, कुलूपबंद आणि तपासलेले असायला हवे. हे अंतर मी ५० सेकंदांत कापतो. तेच अंतर ताशी ५० किलोमीटरने येणारी मालगाडी सुमारे पावणेदोन मिनिटांत कापते, आणि तिची लांबी सातशे मीटर असेल तर फाटकावरून पूर्ण जायला तिला आणखी ५० सेकंद लागतात. यात भोंगा वाजवून दांडे खाली येण्याचा आणि मध्ये कोणी अडकले नाही ना हे पाहण्याचा वेळ मिळवा. वाटसरू यांची पहिली काही मिनिटे अशीच जातात.

फोनवर चालणाऱ्या फाटकाचा हिशेब वेगळा असतो. तेथे गाडी मागच्या स्टेशनातून सोडण्याआधीच फाटक पाडून घेतले जाते, आणि ते स्टेशन आठ-दहा किलोमीटरवर असेल तर थांबणे त्या प्रमाणात वाढते. लोक गेटमनवर चिडतात, पण वेळ खाणारी गोष्ट ते अंतर आहे.

आणखी एक बाब नोंदवतो. भारतात ज्या सिग्नलच्या खांबावर पिवळ्या गोल पाटीवर काळ्या रंगात इंग्रजी जी अक्षर असते, तो फक्त फाटकासाठीचा सिग्नल. तो लाल असेल तर मी शिट्टी देत थांबतो, दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटे वाट पाहतो, आणि तरीही तो बदलला नाही तर अत्यंत सावधपणे फाटकापर्यंत जातो. तेथे गेटमनने हातसिग्नल दाखवला तरच पुढे जायचे. सिग्नल बिघडला म्हणून गाडी तेथेच रात्र काढत नाही, पण फाटकाला न विचारता ती पुढेही जात नाही. फाटकाआधी रुळालगत पिवळ्या पाटीवर 'सी/फा' ही अक्षरे दिसतात, ती आम्हाला शिट्टी वाजवत राहा असे सांगणारी पाटी होय.

दहाचाकी

हे सगळे कागदावर ठीक आहे. मात्र मी मालवाहू ट्रक चालवतो आणि माझा अनुभव असा की फाटकावर दहा मिनिटे गेली की प्रत्येक जण गेटमनच्या नावाने खडे फोडतो. अनेकदा गेटमन ओळखीचा असतो, लोक त्याला गळ घालतात आणि तो कधी कधी ऐकतोही. यात सगळी चूक रस्त्यावरच्या माणसाची आहे असे मला वाटत नाही. दिवसातून वीस वेळा दहा-दहा मिनिटे थांबवणारी व्यवस्था माणसाला नियम मोडायला शिकवते. इंटरलॉकिंग इतके चांगले असेल तर ते सगळीकडे का नाही?

अर्धविराम

दहाचाकी यांचा मुद्दा मला मोलाचा वाटतो, कारण त्यांनी वर्णन केलेली गोष्ट जपानमध्ये अक्षरशः घडली आहे. टोकियोतील ताकेनोत्सुका स्टेशनजवळचे फाटक हाताने चालवले जात असे. त्या मार्गावर गाड्या इतक्या दाट होत्या की गर्दीच्या तासात फाटक बहुतांश वेळ पडलेलेच असे आणि लोक तेथील कर्मचाऱ्यांवर ओरडत असत. फाटकाला कुलूप होते, पण कर्मचाऱ्याला ते स्वतः सोडता येत असे. १५ मार्च २००५ रोजी गाडी येत असताना कर्मचाऱ्याने कुलूप सोडून दांडा वर केला. दोन पादचारी मृत्युमुखी पडले आणि दोन जखमी झाले. जपानमध्ये गर्दीच्या एका तासात ४० मिनिटे किंवा अधिक बंद राहणाऱ्या फाटकांना 'न उघडणारी फाटके' असे नावच आहे. ताकेनोत्सुका येथील मार्ग पुढे उंचावर नेला गेला आणि ते काम २०२२ मध्ये पूर्ण झाले.

उलट बाजूचे उदाहरण जर्मनीतील लांगनवेडिंगेन येथील आहे. ६ जुलै १९६७ रोजी उन्हामुळे फाटकावरून गेलेली टेलिफोनची तार लोंबकळली होती आणि खाली येणारा दांडा तिच्यात अडकला. कर्मचारी तो सोडवण्यासाठी वर-खाली करत असतानाच पेट्रोलचा टँकर रुळावर आला आणि प्रवासी गाडी त्याच्यावर आदळली. ९४ माणसे गेली, त्यांतील ४४ मुले होती. तार, ऊन, टँकर हे सारे योगायोग म्हणता येतील. परंतु दांडा पडलेला नसताना गाडीला सिग्नल मिळालेला होता, हा योगायोग नव्हता.

जुना लिव्हर

अर्धविराम यांचे आभार. दहाचाकी विचारतात ते इंटरलॉकिंग सगळीकडे नसण्याचे कारण खर्च आणि जुना वारसा हेच आहे. दोन्ही बाजूंना सिग्नल उभारायचे, केबल टाकायची, वीज आणि तिची पर्यायी सोय करायची, आणि मग ते सांभाळायला माणसे ठेवायची. म्हणून प्रत्येक रेल्वे काही मोजमाप लावून क्रम ठरवते. भारतात दिवसभरात जाणाऱ्या गाड्यांच्या संख्येला रस्त्यावरच्या वाहनांच्या संख्येने गुणतात. ऑटोरिक्षा आणि सायकलरिक्षा अर्धा एकक धरतात. हा गुणाकार एक लाखावर गेला की त्या जागी उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग करण्याचा विचार होतो. ब्रॉडगेजवरील माणूस नसलेली सर्व फाटके जानेवारी २०१९ अखेर बंद करण्यात आली. त्यांपैकी काहींवर गेटमन नेमले गेले, काहींच्या जागी भुयारी मार्ग आले आणि काही रस्ते शेजारच्या फाटकाकडे वळवले गेले.

८ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूतील कडलूरजवळ सेम्मनकुप्पम येथे शाळेच्या व्हॅनला गाडीने धडक दिली आणि तीन विद्यार्थी दगावले. ते फाटक माणूस असलेले होते, परंतु इंटरलॉक केलेले नव्हते. त्यानंतर इंटरलॉकिंगसाठीची या गुणाकाराची मर्यादा २० हजार एककांवरून १० हजारांवर आणली गेली, सर्व फाटकांवर सीसीटीव्ही बसवण्याचे आणि फोनवरील बोलण्याची ध्वनिमुद्रणे रोज कोणतीही दोन फाटके निवडून वरिष्ठांनी ऐकण्याचे आदेश निघाले. ध्वनिमुद्रण ऐकण्याला मी कमी लेखणार नाही, कारण फाटक पाडण्याआधीच अंक देऊन टाकण्याची सवय जडली असेल तर ती आवाजातच पकडता येते. अंक क्षणात आला आणि मागे भोंगा ऐकू येत नाही, एवढे अनुभवी कानाला पुरते.

आता स्वयंचलित फाटकांविषयी. रुळांच्या एका तुकड्यात क्षीण वीजप्रवाह सोडलेला असतो आणि तो दुसऱ्या टोकाचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, उचलून धरतो. गाडीची चाके आणि आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह आडवाटेने फिरतो, रिले पडतो, आणि त्या पडण्यालाच गाडी आल्याचा निरोप समजले जाते. १८७२ मध्ये अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी याचे पेटंट घेतले. त्यातले सौंदर्य असे की तार तुटली, वीज गेली किंवा रूळ मोडला तरी रिले पडतोच, म्हणजे बिघाड झाला तर फाटक बंद होते, उघडे राहत नाही. दांडाही असाच तोललेला असतो की त्याला धरून ठेवणारी वीज गेली तर तो स्वतःच्या वजनाने खाली येतो. याचा एकच मोठा वैरी आहे, तो म्हणजे गंज. ज्या मार्गावर गाड्या क्वचित जातात तेथे रुळाचा माथा गंजतो आणि हलकी गाडी दोन रूळ नीट जोडू शकत नाही. अशा ठिकाणी चाके मोजणारी यंत्रे, म्हणजे ॲक्सल काउंटर, अधिक भरवशाची ठरतात. जितकी चाके आत गेली तितकीच बाहेर पडली तर मार्ग मोकळा.

ब्रिटनमध्ये अर्ध्या दांड्याच्या स्वयंचलित फाटकावर दिवे लागल्यापासून गाडी येईपर्यंत किमान २७ सेकंद मिळतात. ताशी १६० किलोमीटर वेगासाठी ही वर्दी देणारी जागा सुमारे १२०० मीटरवर ठेवावी लागते. जागा एकदा ठरली की हळू येणारी गाडी मात्र लोकांना जास्त ताटकळत ठेवते. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी तेच अंतर कापायला जवळजवळ दीड मिनिट घेते. यावर उत्तर म्हणून अमेरिकेत रुळाचा विद्युत अवरोध सतत मोजून गाडीचा वेग काढणारी यंत्रे वापरतात, म्हणजे वेग कोणताही असो, इशारा साधारण सारख्याच वेळेआधी मिळतो. तेथे किमान मर्यादा २० सेकंदांची आहे.

सांजवात

मला एक शंका आहे. जुना लिव्हर यांनी सुरुवातीला सांगितले की खरा प्रश्न गाडीला कळते की नाही हा आहे. मग अर्ध्या दांड्याच्या या फाटकात रुळावर वाहन अडकले आहे हे गाडीला कोण सांगते? २७ सेकंदांत फोन करून कोणाला कळवणार? आणि अर्धा दांडा असेल तर उतावळे लोक नागमोडी वळण घेत मधून जाणारच; मी हे परदेशात स्वतः उभी राहून पाहिले आहे.

जुना लिव्हर

सांजवात यांनी नेमके मर्मावर बोट ठेवले आहे. उत्तर असे की कोणीही सांगत नाही. अशा फाटकात गाडी परवानगी मागत नाही, केवळ येत असल्याची वर्दी देते. रस्त्याने बाजूला व्हायचे असते. दांडा अर्धा ठेवण्यामागे मात्र विचार आहे: आत शिरलेल्या वाहनाला बाहेर पडण्याची बाजू मोकळी राहावी, ते दोन दांड्यांमध्ये कोंडले जाऊ नये. पूर्ण रस्ता अडवायचा तर आत कोणी नाही हे आधी कोणीतरी पाहिले पाहिजे, आणि पाहायचे म्हटले की वेळ लागतो, म्हणजेच फाटक लवकर पाडावे लागते. लोकांचा खोळंबा कमी करायचा तर ही खात्री सोडावी लागते. मला विचाराल तर दाट वस्तीत हा सौदा मी करणार नाही. लांबवरच्या विरळ रस्त्यावर तो समजण्यासारखा आहे.

अर्धविराम

या सौद्याची किंमत ब्रिटनमध्ये ६ जानेवारी १९६८ रोजी हिक्सन येथे मोजावी लागली. १२० टनांचा ट्रान्सफॉर्मर घेऊन जाणारे सुमारे ४५ मीटर लांबीचे वाहन ताशी जेमतेम तीन किलोमीटर वेगाने नव्या अर्ध्या दांड्याच्या फाटकावरून सरकत होते. त्याला पलीकडे जायला जवळपास एक मिनिट लागणार होते आणि इशारा होता २४ सेकंदांचा. एक्स्प्रेस येऊन आदळली आणि ११ जण मरण पावले. अवजड वाहनांनी आधी फोन करून परवानगी घ्यावी अशी पाटी तेथे होती, परंतु ती अशा रीतीने लावली होती की चालत्या वाहनातून ती वाचून समजणे कठीण होते. सोबत पोलिसांची गाडी असूनही फोन कोणी केला नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील फॉक्स रिव्हर ग्रोव्हचे. २५ ऑक्टोबर १९९५ रोजी शाळेची बस फाटक ओलांडून पुढच्या चौकातल्या लाल दिव्यापाशी थांबली, पण तिचा मागचा भाग रुळांवर राहिला होता. रेल्वेची यंत्रणा चालली, चौकातला दिवाही यंत्रणेप्रमाणे बदलला, मात्र दोन्हींच्या वेळांचा मेळ बसलेला नव्हता. सात विद्यार्थी गेले. रेल्वे आणि रस्ता अशा दोन खात्यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या फाटकाला दोन्हींकडून नीट पाहणारे कोणी नसते, अशी माझी धारणा त्या अपघाताविषयी वाचताना पक्की झाली.

दहाचाकी

अवजड वाहनाचा मुद्दा वाचून अंगावर काटा आला. आम्ही फाटक ओलांडताना पलीकडे आपल्या गाडीच्या लांबीएवढी जागा मोकळी आहे का हे पाहिल्याशिवाय चाक रुळावर घालायचे नाही, असे मला माझ्या पहिल्या मालकांनी शिकवले होते. तेव्हा ते म्हातारपणाचे खूळ वाटे. पण गाडी बंदच पडली तर काय करावे?

लाल-हिरवा

आधी सगळ्यांनी उतरून रुळांपासून लांब व्हावे. वाहन ढकलण्यात वेळ घालवू नये. गाडी येताना दिसत असेल तर रुळापासून दूर, पण गाडीच्या दिशेने तिरके पळावे, कारण धडकेनंतर उडणारे तुकडे गाडी जाते त्या दिशेने जातात. दांडे पडून वाहन मध्ये कोंडले गेले असेल आणि ते चालू असेल, तर बेधडक दांडा मोडून बाहेर पडावे. दांडा ही मोडण्याचीच वस्तू आहे.

त्यानंतर कळवण्याचे काम. गेटमन असेल तर तो सिग्नल लाल करतो, आणि सिग्नल नसेल किंवा देऊन झाला असेल तर लाल झेंडा किंवा दिवा घेऊन गाडीच्या दिशेने धावतो. भारतात ब्रॉडगेजवर त्याने ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन आवाजी डेटोनेटर रुळावर लावायचे असतात. चाकाखाली त्यांचा बार झाला की इंजिनातला माणूस काहीही न पाहता ब्रेक लावतो. अमेरिकेत प्रत्येक फाटकावर निळी पाटी असते, तीवर त्या फाटकाचा क्रमांक आणि फोन नंबर लिहिलेला असतो. जपानमध्ये फाटकाच्या खांबावर कोणालाही दाबता येईल असे आणीबाणीचे बटण असते; ते दाबले की रुळालगतचे विशेष लाल दिवे चमकू लागतात आणि चालक ब्रेक लावतो. मला ही व्यवस्था सर्वांत आवडते, कारण तिथे निरोप रस्त्यावरच्या माणसाकडून थेट माझ्यापर्यंत येतो.

सांजवात

म्हणजे फाटक मोकळे आहे हे माणसाऐवजी यंत्रानेच पाहिले तर?

जुना लिव्हर

तसे होऊ लागले आहे. ब्रिटनमध्ये आधी सीसीटीव्ही आला: अनेक मैलांवर बसलेला सिग्नलचालक पडद्यावर फाटक पाहतो, दांडे पाडतो, आत कोणी नाही अशी खात्री करून बटण दाबतो आणि मगच सिग्नल मिळतो. पुढे रडार आणि लेसरने पाहणारी फाटके आली. रडार उभे वाहन किंवा माणूस टिपतो, आणि जमिनीलगत पडलेले, उदाहरणार्थ कोसळलेला माणूस किंवा लहान मूल, लेसरच्या नजरेला येते. जपानमध्येही लेसर वापरणारी अडथळाशोधक यंत्रे आहेत. मात्र यंत्राने शंका घेतली की गाडी थांबते, आणि वाऱ्याने उडून आलेला कागद किंवा साचलेले बर्फ यांनाही ते अडथळा समजू शकते. त्यामुळे संवेदनशीलता किती ठेवायची हा रोजचा वाद असतो.

देखरेखीचा दुसरा अर्थ यंत्राची प्रकृती पाहणे असा आहे. आता प्रत्येक रिले कधी पडला आणि कधी उचलला याची सेकंदानिशी नोंद डेटालॉगरमध्ये राहते. दांडा उचलणारी मोटर किती वीज घेते याचा आलेख दूरवर बसून पाहता येतो. रोज त्याच दांड्याला थोडी जास्त वीज लागू लागली तर कुठेतरी घर्षण वाढले आहे, हे बंद पडण्याआधी समजते. माझ्या उमेदीच्या काळात हे काम कानाने आणि हाताने होई.

एक प्रसंग सांगतो. एका फाटकावर लागोपाठ तीन संध्याकाळी सिग्नल मिळेना आणि गाड्या अडकून पडू लागल्या. दिवसा तपासले की सर्व ठीक. चौथ्या दिवशी मी संध्याकाळी तेथेच बसून राहिलो. दांडा खाली आला, दिसायला पूर्ण आडवा होता, पण बोट घातले तर टोक खाचेच्या तळापासून दोन बोटे वर राहिले होते. खाचेत खडी होती. शाळा सुटल्यावर मुले तेथे खेळत आणि खाचेत खडे टाकण्याचा नेम धरत. सकाळी झाडणारा ते काढून टाकी. गाड्या अडकल्याबद्दल आमच्या विभागाला बरीच बोलणी खावी लागली, आणि मला आजही वाटते की त्या तीन संध्याकाळी ते फाटक अगदी चोख वागले होते. दांडा बसला नाही, म्हणून सिग्नल दिला नाही.

अर्धविराम

पादचाऱ्यांचा मुद्दा राहून गेला. ब्रिटनमधील एल्सनहॅम स्टेशनवर ३ डिसेंबर २००५ रोजी दोन मुली पायी जाण्याच्या फाटकातून रूळ ओलांडत होत्या. दिवा लाल होता आणि भोंगाही वाजत होता, पण ते छोटे फाटक कुलूपबंद नव्हते. एक गाडी गेली आणि तिच्यासाठीच तो इशारा होता असे त्यांना वाटले असावे. दुसरी गाडी उलट दिशेने येत होती. म्हणूनच अनेक ठिकाणी दुसरी गाडी येत असल्यास भोंग्याचा सूर बदलतात, आणि जपानी फाटकांवर गाडी कोणत्या बाजूने येत आहे हे दाखवणारे बाण असतात. वाटसरू यांनी पाहिलेला प्रसंगही दुसऱ्या गाडीचाच होता.

वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. हे सारे वाचून झाल्यावर काल संध्याकाळी मी मुद्दाम लवकर निघालो आणि फाटकापाशी गाडी कडेला लावून घड्याळ हातात घेऊन उभा राहिलो. या वेळी दांड्याकडे न पाहता मी रुळालगतच्या सिग्नलकडे पाहत होतो, जो आजवर माझ्या नजरेस कधी पडलाच नव्हता. त्याच्या खांबावर ती पिवळी गोल पाटी आहे.

भोंगा सुरू झाल्यापासून दोन्ही दांडे आडवे व्हायला २२ सेकंद लागले. एक सायकलस्वार दांड्याखालून वाकून आत शिरला. तो पलीकडे जाईपर्यंत गेटमन लिव्हरला हात लावून नुसता उभा होता, आणि तेवढा वेळ सिग्नल लालच राहिला. मग खट् असा आवाज आला आणि सिग्नल बदलला. गाडी त्यानंतर दोन मिनिटे दहा सेकंदांनी आली. ती गेल्यावर शेवटच्या डब्यामागे सिग्नल लाल झालेला होता आणि पंधरा सेकंदांत दांडा वर गेला. माझ्या मागच्या मोटारीतील गृहस्थ तोपर्यंत तीनदा हॉर्न वाजवून झाले होते.

जुना लिव्हर यांना एक प्रश्न: सायकलस्वार आत असताना गेटमन थांबला, ते त्याच्या नजरेने. त्याचे लक्ष त्या क्षणी दुसरीकडे असते, तर दांडे कुलूपबंदच होते. मग सिग्नल मिळाला असता ना?

जुना लिव्हर

मिळाला असता. इंटरलॉकिंग दांडा पाहते, माणूस पाहत नाही.